कडेची नजर

माझा मोठा भाऊ डोळ्यांना जसा जपायचा तसं आमच्या शिवाजी पेठेत दुसरं कुणी जपत नव्हतं. दादा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होता. संध्याकाळी ड्युटीवरून आला की चपला काढून थेट मोरीत. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मग ओंजळीनं मिटलेल्या डोळ्यांवर पाणी सोडायचं, आणि दोरीवर फक्त त्याच्यासाठी ठेवलेल्या पंच्यानं अलगद टिपायचे. तो पंचा चुकून दुसऱ्या कुणी वापरला तर घरात दंगा. चहा त्यानंतर.

मोटारसायकलवर बसताना तो दोन्ही कडांनी बंद असलेला मोठा चष्मा लावायचा. कोपऱ्यावर उभी असलेली पोरं हटकून ओरडायची, "काय पावणं, इमान चालवाय निघालाईसा काय?" दादा हसायचा, हात हलवायचा, पण चष्मा काही उतरायचा नाही.

याला कारणं होती. आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. म्हातारपणी त्यांची नजर हळूहळू गेली. शेवटची काही वर्षं ते उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि कुणी बाजूनं येऊन बोललं की दचकायचे. भिंतीला हात लावत संडासला जायचे. "जन्मभर पीठ खाल्लं डोळ्यांनी. दुसरं काय हुणार?" असं आई म्हणायची, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं. गिरणीवाल्याचे डोळे पिठानं जातात, जसा सुताराचा हात कधीतरी कापतो, तसं. त्यांना कुठल्या डॉक्टरला दाखवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसरं कारण फौंड्रीतलं. दादा नवीन लागला होता तेव्हा त्याच्या शेजारच्या मशीनवर त्याच्याच वयाचा एकजण काम करायचा. ओतून काढलेल्या लोखंडाच्या कडा घासायचं ते काम, ठिणग्या उडायच्या. घाम फार येतो म्हणून त्यानं गॉगल कपाळावर चढवला आणि लोखंडाचा एक तापलेला कण डोळ्यात शिरला. त्याला रिक्षातून दवाखान्यात नेताना त्याचं डोकं दादाच्या मांडीवर होतं. डोळा वाचला नाही. त्या संध्याकाळी दादा घरी आला, जेवला नाही, आणि आईला एवढंच म्हणाला, "बाहेरचं काय आत जाऊ द्यायचं न्हाय. येवढं सांभाळलं की झालं."

हेच त्याचं शास्त्र झालं. डोळ्याचा शत्रू बाहेर असतो. पीठ, धूळ, ठिणगी, धूर, ऊन. ते अडवायचं.

त्याचा जाच आम्हालाही होता. मी डी.एड.चा अभ्यास करत असताना तो माझी पथारी ओढून खिडकीपाशी न्यायचा. "उजेड खांद्यावरनं पडला पायजे. आणि वही येवढी नाकाला लावतीस कशाला, वास घेतीस काय?" डोळा चोळताना कुणी दिसलं की लांबून ओरडायचा. त्याला मुलगी झाली तेव्हा आईनं तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायला घेतलं. दादानं ते बघितलं आणि दिवाच विझवला.

"आई, धूर हाय त्यो! पोरीच्या डोळ्यांत धूर घालतीस?"

"तुझ्याबी घातलाय की. फुटलं का तुझं डोळं?" आई म्हणाली.

"म्हणून तिच्यात घालायचं व्हय?"

दोघांचं दोन दिवस बोलणं नव्हतं. शेवटी आईनं नातीच्या गालाला बोट लावलं, डोळ्याला नाही. त्या मुलीचे डोळे आज इतके स्वच्छ आहेत, की बघणारा पहिल्यांदा तेच बोलतो. दादाचं बरोबरच होतं, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. त्यानं जे जे सांगितलं त्यातलं जवळजवळ सगळं बरोबर होतं.

चाळिशी लागल्यावर त्याला वाचताना धूसर दिसू लागलं. महाद्वार रोडजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात जाऊन त्यानं नंबर काढून घेतला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी तो न चुकता जायचा, समोरच्या पाटीवरची अक्षरं धडाधड वाचायचा आणि घरी येऊन सांगायचा, "शेवटची ओळपण वाचली. डोळं चोख हाईत." मीही शाळेतल्या बाकीच्या बाईंना अभिमानानं सांगायचे, आमचा दादा डोळे तपासून घेतो बघा वेळच्या वेळी. नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं, यात काही फरक असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी शिक्षिका. पोरांना डोळ्याचं चित्र काढून बुबुळ, पडदा, नस अशी नावं द्यायला मीच शिकवायचे.

मग काही गोष्टी घडायला लागल्या. आज त्या एकापुढे एक मांडल्या की आंधळ्यालाही दिसेल की काय चाललं होतं. तेव्हा त्या अशा ओळीनं येत नव्हत्या. मध्ये महिने जायचे, सण जायचे, आणि प्रत्येक गोष्टीला एक कारण तयार असायचं.

हाताशी ठेवलेला चहाचा कप तो कोपरानं पाडायचा. वहिनी वैतागायची, "आवो, कप तितंच हाय की! लक्ष कुटं असतंय तुमचं?" दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा लागायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं, तोल जातो.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तो स्टेडियमवर गेल्याशिवाय राहायचा नाही. तरुणपणी तो पेठेच्या तालमीच्या संघातून खेळला होता, आणि प्रेक्षकांत बसूनही खेळाडूंना नावानिशी शिव्या घालायचा त्याला हक्क होता. एका वर्षी मी माझ्या मुलाला घेऊन त्याच्याबरोबर गेले होते. बॉल डाव्या कडेला गेला, सगळं स्टेडियम उभं राहून ओरडायला लागलं, आणि दादा मध्येच बघत बसला होता. "कुटं गेला रं बॉल?" त्यानं माझ्या मुलाला विचारलं. मुलानं बोट दाखवलं. दादानं सगळी मान वळवली, तोवर गोल झाला होता. पुढच्या हंगामात तो म्हणाला, "आता पयल्यासारखा खेळ ऱ्हायला न्हाय. काय बघायचं?" आणि जाणं बंद केलं. आम्हाला वाटलं, खरंच खेळाचा दर्जा घसरला असेल.

एकदा पावसाळ्याच्या शेवटी आम्ही सगळे गगनबावड्याला गेलो. गाडी आमची, पण चालवत दादा होता. परत येताना डावीकडच्या शेतातून एक म्हैस संथपणे रस्त्यावर आली. मला ती केव्हाची दिसत होती. मला वाटलं दादालाही दिसतेय, आता ब्रेक मारेल. त्यानं मारला नाही. माझे यजमान पुढे बसले होते, ते मोठ्यानं ओरडले तेव्हा गाडी करकचून थांबली. म्हशीचं शेपूट बॉनेटला घासून गेलं. दादा घामाघूम झाला होता.

"धुकं हाय जरा," तो म्हणाला.

धुकं होतं, पण वर घाटात. खाली उतरल्यावर नव्हतं. मी मागं वळून बघितलं होतं. रस्ता लख्ख दिसत होता. तरी मी म्हणाले, "व्हय, धुकं हाय." त्याला आधीच शरमल्यासारखं झालं होतं, ते वाढवायला नको म्हणून.

त्यानंतर त्याच्या मुलीची सुपारी फुटली. कार्यक्रम घरच्या घरी, गच्चीवर मांडव घालून. जेवणाच्या पंगतीत दादा स्वतः वाढायला उभा राहिला. मुलीच्या बापानं वाढायचं, ही त्याची हौस. नवऱ्या मुलाचे थोरले चुलते पंगतीच्या टोकाला बसले होते. दादा पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन त्यांच्या पुढून गेला. त्यांनी वाटी पुढं केली, दादा थांबला नाही. परत आला तेव्हा त्यांनी "ओ पावणं" अशी हाक मारून हात उंच केला. दादानं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं, पण भलतीकडेच बघितलं आणि पुढच्या माणसाला वाढलं. चुलते ताटावरून उठले.

"आमी काय दिसत न्हाय काय तुमास्नी?"

दादा बादली हातात धरून उभा. तो म्हणाला, "खरंच दिसला न्हाईसा." त्यानं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, की ते लोकांना आणखी उद्धट वाटलं. माझ्या यजमानांनी आणि नवऱ्या मुलानं हातापाया पडून चुलत्यांना पुन्हा बसवलं. लग्न मोडलं नाही, एवढं नशीब. पण पाहुणे गेल्यावर दादा गच्चीच्या कठड्याशी बसला होता. मी जवळ गेले तर मान न वळवता म्हणाला, "खोटं न्हाय सांगत. तेनी तितं नव्हतेच. म्हंजे होते. पण मला तितं कायच नव्हतं."

तेव्हा मला ती म्हैस आठवली, आणि नसलेलं धुकं.

मोतीबिंदू असेल, ऑपरेशन केलं की सुटलं, असं म्हणत आम्ही त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वहिनी, मी आणि तो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाटी वाचायला सांगितली. दादानं शेवटची ओळ धडधडीत वाचली आणि आमच्याकडे बघून जरा हसला. मग त्यांनी डोळ्यातला दाब मोजला, डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घालून आतून बघितलं, आणि एका खोलगट मोठ्या भांड्यासारख्या मशीनपुढे त्याला बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि कुठंही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. बटणाचा आवाज यायचा आणि मग बराच वेळ यायचाच नाही. दादा बटणावर अंगठा ठेवून इमानेइतबारे वाट बघत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाब की रे, दाब. मशीन एवढा वेळ काही उगाच थांबत नसणार.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. डोळ्याच्या नकाशावर मध्ये थोडी जागा पांढरी, बाकी काळं. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं आपण औषधानं राखू शकतो."

दादा म्हणाला, "मॅडम, मी डोळ्यात कचरा जाऊ दिला न्हाय कदी. कामावर सारखा गॉगल. नंबर वेळच्या वेळी काढलाय."

"चांगलं केलंत. नाहीतर आणखी काही झालं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "पण हे बाहेरून येत नाही. बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्या आई-वडिलांपैकी कुणाची नजर गेली होती का?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. दादा कागदाकडेच बघत होता.

"वडलांची," मी म्हणाले. "पण ते पिठानं."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘वडील’ एवढंच लिहून घेतलं. पीठ लिहिलं नाही. तेव्हाच मला उंबऱ्याशी खुर्चीवर दचकणारे वडील दिसले, आणि सगळं कळलं. आपल्याला एवढ्या वर्षांत कुणी हा एक प्रश्न विचारला असता तर! किंवा आम्हीच कुणाला विचारलं असतं, की पिठानं खरंच डोळे जातात का हो? इतका साधा प्रश्न. चहा पिता पिता विचारण्यासारखा.

"मग तुमचेही तपासायला हवेत. सख्ख्या भावा-बहिणींनी दरवर्षी बघायचंच," त्या मला म्हणाल्या.

मला काहीही होत नव्हतं. तरी माझ्या दोन्ही डोळ्यांत दाब जास्त निघाला. नशीब असं, की नस जवळजवळ शाबूत होती. मी बटण भराभर दाबलं होतं. माझा कागद बराचसा पांढरा होता. दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी पडले होते, आणि मला माझा उचलून पर्समध्ये दडवावासा वाटला.

घरी आल्यावर दादा मोरीत गेला नाही. हात तसेच, डोळे तसेच, कॉटवर आडवा झाला. नंतरचे कितीतरी दिवस त्यानं काहीच केलं नाही. थेंबाची बाटली वहिनी पुढं करायची, तो तोंड फिरवायचा. "गेलेलं येत न्हाय म्हणाल्या न्हवं? मग कशाला?" एकदा तो वहिनीवर ओरडला, "पीठ म्हणं! येडी माणसं आपण. पीठ म्हणं!" आणि मग लहान मुलासारखा रडला. आई तोवर गेली होती. तिला हे ऐकावं लागलं नाही. वडिलांसाठी रडत होता की स्वतःसाठी, मला सांगता येणार नाही.

मी गेले ती भांडायच्या तयारीनं. त्याच्या बाजूला बसले तर म्हणाला, "समोर बस. तितं दिसत न्हाईस तू." मी खुर्ची सरकवून अगदी त्याच्या पुढ्यात बसले. तेव्हा त्यानं माझं तोंड नीट न्याहाळलं.

"थेंब घालालाईस न्हवं तू?"

"घालतेय. तू घालत न्हाईस तर मीबी बंद करते."

"शाणी हाईस," तो म्हणाला. "तुझं सगळं हाय अजून."

"तुझंबी हाय की थोडं. ते घालवायचंय का?"

त्यानं उशाजवळची थेंबांची बाटली उचलली. मग हात पुढे केला. मीच त्याची मान मागे कलवली, खालची पापणी ओढून एक थेंब सोडला, डोळा मिटायला लावून नाकाजवळच्या कोपऱ्यात बोटानं दाबून धरला. दवाखान्यात तसंच शिकवलं होतं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बोटाखाली त्याचा डोळा थरथरत होता. या माणसानं मला खिडकीपाशी ओढत नेऊन बसवलं होतं, माझ्या वहीत उजेड पाडला होता. आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत काय चाललंय हे बघायला कुणी नव्हतं.

त्यानं मोटारसायकल मेहुण्याला, वहिनीच्या भावाला, देऊन टाकली. चावी देताना टाकीवरून हात फिरवला. मुलीचं लग्न झालं. त्यात वाढायला तो उभा राहिला नाही. मात्र चुलत्यांच्या समोर जाऊन बसला आणि म्हणाला, "त्या दिवशी तुमी दिसला न्हाईसा, ते डोळ्यामुळं. मनात काय नव्हतं." चुलते अवघडले. त्यांनी दादाचा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांनाही आता वाईट वाटत असणार. पण त्या वाईट वाटण्याचं करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं, जसं मलाही नाही.

आता पेठेत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतो. "चाळिशी झाली न्हवं? डोळ्याचं प्रेशर बघितलास का?" लोक म्हणतात, "व्हय की, गोळी चालू हाय बीपीची." मग तो कपाळाला हात लावतो आणि पहिल्यापासून सांगायला लागतो. काहीजण ऐकून जातात, बरेच जण टाळतात. एकजण खरंच दवाखान्यात जाऊन आला, त्याचं काही निघालं नाही, तर दादाला इतका आनंद झाला की घरात पेढे आणले.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं तपासणीला गेलो होतो. माझं आहे तसंच आहे. दादाचा डावा डोळा थेंब घालूनही थोडा आणखी आकसलाय. डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, बघू या. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "तुझं तेवढंच हाय न्हवं?"

"तेवढंच हाय," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याचं स्वतःचं काय, ते त्यानं विचारलं नाही. आत बसून ऐकलंच होतं त्यानं. मी औषध घेऊन आले. वाटेत मंडईपाशी त्यानं रिक्षा थांबवायला लावली, वहिनीनं मेथी सांगितली होती म्हणून. एकेक जुडी तोंडासमोर धरून, उलटी-सुलटी करून, तो निवडत बसला. भाजीवाली कातावली, "आवो मामा, किती बघतासा?"

"बघू दे की गं," तो म्हणाला.

मी पिशवी उघडून धरून उभी राहिले.